पहिली दोरी

डनार्न, ५ फेब्रुवारी १९८४

ॲलिक,

नावाआधी 'प्रिय' लिहावं की लिहू नये, या विचारात चहा निवला. शेवटी नुसतं नावच लिहिलं. राग यायचाच असेल तर पुढच्या मजकुराने येऊ दे, पहिल्याच शब्दाने कशाला.

मी नॅन, तुझी थोरली बहीण. अक्षर ओळखू येणार नाही. थंडीत बोटं आखडतात आणि माझी वळणदार अक्षरं कोंबडीने पाय ओढावेत तशी उमटतात. कोंबड्या अजून आहेत, दोनच, त्याही माझ्यासारख्याच, अंडी द्यायचं विसरलेल्या.

लिहायचं कारण असं. टाउन हॉलच्या जिन्यावर तो काळाभोर ओक लाकडाचा फलक आहे ना, डनार्नच्या नामवंतांचा, त्यावर तुझं नाव घालायचं ठरलंय. जहाजातलं पाणी उपसायचे पंप बनवणारा तो जुना लोहार, आफ्रिकेत तापाचं इस्पितळ काढणाऱ्या डॉक्टर ग्रिझेल इनस, चीनच्या डोंगरातून फुलझाडांचं बी आणणारा माळी ह्यू डालगार्नो, आणि त्यांच्याखाली आता ॲलिक रॅट्रे, पूल बांधणारा. युद्धाच्या आधीपासून त्या फलकावर नवं नाव चढलेलं नाही. मला वाटलं होतं आमच्या गावातली अक्कल संपली. पण नाही, ती फक्त न्यूझीलंडला गेली होती.

ठराव मिस पेटरीने मांडला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून इतिहास मंडळ तीच चालवते, आणि अजून माणसांकडे असं बघते की माणूस आपोआप नखं लपवतो. उभी राहून म्हणाली, "मूठभर देश आपला. पण जगाला वाफेचं इंजिन राबवायला कुणी शिकवलं? टेलिफोन कुणी दिला? बाळंतिणीच्या वेणा कमी करणारं क्लोरोफॉर्म कुणी दिलं? पेनिसिलिन कुणाला सापडलं? खडीचे पक्के रस्ते करायला कुणी शिकवलं?"

मागून वुली खाटीक ओरडला, "आणि पाऊस, मिस पेटरी! पाऊस राहिला!"

"पाऊस देवाने दिला, विल्यम."

"मग देवही आपलाच निघायचा. चौकशी करा."

हसून हसून सभा मोडायची वेळ आली. मला मात्र हसू आलं नाही, कारण पुढचा प्रश्न काय येणार ते मला दिसत होतं. फलकावर नाव लिहायचं कुणी? सोन्याचा वर्ख लावणारा हात या पंचक्रोशीत एकच आहे, आणि तो टॅमचा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुम्हा दोघा भावांचं बोलणं नाही हे इथल्या मांजरांनाही ठाऊक आहे.

घरी येऊन मीच त्याला विचारलं. तो खिडकीशी बसला होता. म्हणाला, "लिहीन की. पाटी आहे. वुलीच्या दुकानाची लिहिली, ही पण लिहीन. वुलीच्या पाटीवर निदान डुक्कर काढायला मिळालं होतं."

टॅम हिवाळ्यापासून माझ्याकडेच राहतो. त्याची छाती बरी नाही. एवढंच सध्या लिहिते.

तू कशासाठी रुसलास ते मी विसरलेले नाही. तिकडे म्हणे आता यंत्राचं बटण दाबून पेटी कबरीत उतरवतात. इथे अजून पेटी हाताने उतरवायच्या आठ दोऱ्या आहेत, आठ माणसं आहेत, आणि प्रत्येकाच्या खिशात आधीच पोचवलेलं नंबराचं कार्ड. एक नंबर डोक्याकडचा, तो थोरल्या मुलाचा. बाबांच्या मयताला तू जगाच्या त्या टोकाहून आलास आणि तुझ्या हातात दोन नंबर पडला, पायाकडचा. डोक्याशी टॅम उभा होता. सगळ्या गावाने पाहिलं. तू दोरी सोडलीस, टोपी घातलीस आणि जेवायला न थांबता स्टेशनवर गेलास. मी स्वयंपाकघरात मटण भरलेली पेस्ट्री कापत होते, तुझ्यासाठी कडेचा खरपूस तुकडा बाजूला ठेवला होता. त्या दिवसाबद्दल याहून जास्त मला लिहिता यायचं नाही. तसा शब्द देऊन बसलेय.

मे महिन्यात फलकाचं उद्घाटन आहे. ये.

नॅन

डनार्न, ४ मार्च १९८४

ॲलिक,

तुझं पत्र आलं. मला नाही, मिस पेटरीला. टाइप केलेलं, खाली सही, वर तुझ्या कंपनीचा छाप. चर्चच्या दारात तिने ते मला वाचून दाखवलं. 'सन्मानाबद्दल आभारी आहे, प्रकृती व कामाचा व्याप पाहता उपस्थितीबाबत निश्चित सांगू शकत नाही.' सुरेख भाषा आहे. मिस पेटरी म्हणाली, "किती सभ्य माणूस!" मी म्हटलं, "हो, लहानपणीही असाच होता, खिडकी फोडली की आधी आभार मानायचा."

तू तसा नव्हतास. पण मला काहीतरी बोलायचं होतं.

फोनही करून पाहिला. पोस्टातल्या बाईने जोडून दिला. तुझ्या बायकोने उचलला, फार गोड बोलली, म्हणाली तू कामावर गेलास. एकाहत्तराव्या वर्षी कसलं काम रे? टेलिफोन आपल्याच एका माणसाने शोधून काढला याचा आम्हाला कोण अभिमान, पण पलीकडच्याला तो कानाला लावायला भाग पाडेल असं काही त्याने शोधलं नाही.

फलक उतरवून माझ्या घरी आणलाय. टॅमला टाउन हॉलचा जिना चढवत नाही. वुली आणि त्याचा मेहुणा, दोघांनी तो खांद्यावर घेऊन गावातून आणला, तर ॲग्नस म्हातारी दारात येऊन, पुरुष टोपीला लावतात तसा हात कपाळाला लावून उभी राहिली. तिला वाटलं कुणाची पेटी चाललीय. वुली म्हणाला, "पेटीच आहे आजी, आत सगळे नामवंत भरलेत." आता माझ्या बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या जागी नामवंत आणि सोफा बाहेर पडवीत. मी शिलाईला स्टुलावर बसते.

तुला त्याचं काम बघायला हवं होतं. आधी खडूने अक्षरं आखतो, मग रोगण लावतो, मग ते बोटाला जेमतेम चिकटेल इतकं सुकेपर्यंत वाट बघत बसतो. तेवढ्या वेळात खोकून घेतो. मग मला सांगतो, "खिडकी लाव, दार लाव, आणि तू श्वास घेऊ नकोस." वर्ख इतका पातळ की कुणी शिंकलं तरी छताला जाऊन चिकटेल. खारीच्या केसांचा चपटा कुंचला असतो, तो आधी स्वतःच्या गालावरून फिरवतो, गालाचा तेलकटपणा घेतला की वर्ख त्याला अलगद उचलला जातो. परवा त्याने तीनतीनदा गालावरून फिरवला आणि वर्ख काही उचलला जाईना. मला म्हणाला, "नॅन, माझ्या कातडीत आता तेलसुद्धा राहिलं नाही. इकडे ये, तुझा गाल दे."

तेव्हा तुझ्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरं माझ्या गालाने उचलली आहेत. मला हसू येत होतं आणि हसलं तर सोनं उडणार, म्हणून ओठ दाबून बसले, तर डोळ्यांतून पाणी आलं. तो म्हणाला, "रडतेस कशाला? चांगलं येतंय." मी म्हटलं, "रडत नाही, श्वास कोंडलाय." तो म्हणाला, "तुझा आत्तापुरता, माझा नेहमीचाच आहे."

एका दिवसात एक अक्षर होतं. काही दिवस तेही नाही. दमतो. मीही दमते, ॲलिक. त्याला पाठीमागे उशी द्यायची, पाणी तापवायचं, कोळसा आत आणायचा, बार्लीचं सूप करायचं आणि ते तो दोन चमचे खाऊन 'छान झालंय' म्हणतो तेव्हा उरलेलं निमूट स्वतः खायचं. आठवडाभर मी सूपच खातेय. तक्रार नाही. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, तर तू लांब आहेस, लांबच्या माणसाला सांगता येतं.

काल त्याला विचारलं, "हे नाव लिहिताना तुला काही वाटत नाही?"

"वाटतं ना. नाव फार लांब आहे. नुसतं बॉब असतं तर सुटलो असतो."

मग, पाठ माझ्याकडे करून, "आडनाव बाबांचंच आहे की. ते लिहिताना हात चालतो."

नॅन

डनार्न, १ एप्रिल १९८४

ॲलिक,

डॉक्टर येऊन गेले. तरुण आहेत, नवे आहेत, खरं बोलताना कानाची पाळी ओढतात. दारापर्यंत आले आणि पाळी ओढायला लागले तेव्हाच मी समजले. म्हणाले, "मिसेस लॉरी, फुप्फुसं जवळजवळ संपलीत. पेनिसिलिन न्यूमोनियाला पुरतं, याला नाही." मी म्हटलं, "आमच्याच माणसाचं औषध आणि आमच्याच माणसाला लागू होत नाही होय?" बिचारे गोंधळले. मी काही मस्करी करत नव्हते. मला खरंच वाटायचं, लहानपणापासून, की हे सगळे आपले लोक आहेत म्हणजे वेळेला ते आपल्या घरी येतील. शाळा चौदाव्या वर्षी सुटली, मग गिरणीतून घरी आल्यावर वाचनालयातली थोरामोठ्यांची चरित्रं वाचली, एकेक करून सगळी. मेंढपाळाचा पोर पूल बांधतो, डंडीच्या गिरणीतली मुलगी आफ्रिकेत जाऊन टाकलेली जुळी पोरं सांभाळते. महिलांच्या बैठकीत मी त्यांच्यावर बोलायचे तेव्हा बायका विणकाम थांबवायच्या. पण चरित्रात एक गोष्ट कुणी लिहीत नाही, अशा माणसांच्या घरी मागे कोण राहिलं आणि चूल कुणी पेटवली. चुकून लिहिलंच तर एक ओळ. 'त्यांची बहीण आईवडिलांजवळ राहिली.' झालं.

जाऊ दे. लिहायचं होतं ते वेगळंच.

टॅमने मयताचं काम करणाऱ्या डफसला बोलावून घेतलं. डफस काळा कोट न घालता आला, बिचाऱ्याने मुद्दाम हिरवा स्वेटर घातला होता. तरी कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या. टॅम म्हणाला, "बस. आठ दोऱ्या सांगतो, लिहून घे."

आपल्यात हे असंच चालतं, तुला माहीत आहे. जाणाऱ्याने आपल्या दोऱ्या स्वतः वाटल्या की मागच्यांत भांडण राहत नाही. निदान राहू नये.

दोन नंबर, पायाकडचा, माझ्या पोराला, जॉर्जला. तीन वुलीला. मग त्याचे बोलिंगचे दोस्त, मग रंगाच्या दुकानातला साइम. सात आणि आठला आपल्या आत्याची नातवंडं. डफस लिहीत गेला. मग थांबला.

"आणि एक नंबर?"

टॅमला मूलबाळ नाही, बायको गेली. मला वाटलं माझ्या जॉर्जलाच सरकवून एकवर घेईल. टॅमने खिडकीबाहेर पाहिलं. "ॲलिकला."

डफसने पेन्सिल उचलून माझ्याकडे बघितलं. मी टॅमकडे. म्हटलं, "तो येईल असं तुला वाटतं?"

"मी येईल म्हटलं का? मी फक्त नंबर सांगितला."

"आणि नाहीच आला तर?"

"तर डफस बघेल. तेव्हा मी काही उठून विचारणार नाही."

डफस गेल्यावर म्हणाला, "माझ्याकडे त्याची एक दोरी राहिलीय. आता मला ती ठेवून काय करायचंय."

एवढंच बोलला. मग डोळे मिटले आणि झोपेचं सोंग घेतलं. सोंग मला कळतं. खरी झोप लागली की तो झोपेतही खोकतो.

तो तुला बोलावणार नाही. तुला लिहिणार नाही. मी लिहिते हे त्याला माहीत आहे आणि माहीत नसल्यासारखं करतो, पाकीट चिकटवताना मुद्दाम दुसरीकडे बघतो. पण काल पोस्टमन फाटकासमोरून सरळ पुढे गेला, तेव्हा त्याने विचारलं, "आज काही नाही?" तो असं कधी विचारत नाही. त्याला पत्र लिहिणारं कोण आहे?

तुझं नाव पुरं झालं. आता खाली फक्त 'पूल बांधणारा' एवढं राहिलंय. जिवंत असतानाच ये, ॲलिक. मेल्यावर तर सगळेच येतात.

नॅन

डनार्न, २२ एप्रिल १९८४

ॲलिक,

काल तुझं पत्र आलं, मला आलं, पहिल्यांदा. म्हणून लगेच बसले. तीन ओळींचं. 'टॅमच्या आजाराचं ऐकून वाईट वाटलं. त्याच्या वेळी मी एक नंबर घेणं योग्य होणार नाही. त्याने माझी घेतली होती, त्याची त्याने ज्याला हवी त्याला द्यावी.'

मी ते त्याला दाखवलं नाही. एप्रनच्या खिशात ठेवलं आणि दिवसभर भांडी घासताना ते खिशात कुरकुरत होतं.

आता मी माझा शब्द मोडते. टॅमला दिलेला. तो रागावेल. रागवायला त्याच्यात जेवढा जीव आहे तेवढा तो रागवो.

बाबांच्या दोऱ्या टॅमने वाटल्या नव्हत्या. बाबांनी वाटल्या. जायच्या आदल्या आठवड्यात, त्याच खोलीत, जिथे आता तुझा फलक टेकवलाय. मी त्यांची हनुवटी दाढीसाठी धरून होते. टॅम वस्तरा चालवत होता. बाबा म्हणाले, "एक नंबर टॅमला." वस्तरा थांबला. टॅम म्हणाला, "असं नाही होत बाबा. थोरला ॲलिक आहे. तो येतोय, बोटीवरून तार आलीय." बाबा म्हणाले, "येऊ दे. ॲलिकला सारं जग मान देईल. टॅमला मी नाही दिला तर कोण देणार?"

टॅमने परत नाही म्हटलं. बाबांनी त्याचा वस्तऱ्याचा हात धरला, साबणासकट. "दोन वर्षं मला पलंगावरून उचलणारा तू. शेवटचं खाली ठेवणाराही तूच."

असं झालं. मी तिथे होते.

कबरीशी तू टॅमकडे ज्या नजरेने पाहिलंस ती मी पाहिली नाही, बायका तेव्हा कबरीवर जात नसत. पण टॅम घरी आला तेव्हा ती नजर त्याच्या तोंडावर अजून होती. मी म्हटलं, "चल स्टेशनवर, सांगू त्याला." तो म्हणाला, "काय सांगू? की बाबांनीच तुला मागे ठेवलं? आत्ता त्याला वाटतंय भाऊ हलकट निघाला. भाऊ हलकट असला तर माणूस जगतो. बाप..." मग म्हणाला, "तू कधी सांगायचं नाहीस. शब्द दे." मी दिला.

मला तेव्हा ते बरोबर वाटलं. आताही वाटतं, अर्धंमुर्धं. बाबांचं तुझ्यावर प्रेम कमी नव्हतं. तुझ्या पहिल्या पुलाचा वर्तमानपत्रातला फोटो त्यांनी घडी घालून टोपीच्या आत ठेवला होता, टोपी काढली की फोटो खाली पडायचा आणि मग तो गावभर दाखवायला निमित्त व्हायचं. त्यांना वाटलं तुझ्याकडे पुष्कळ आहे, एवढं तुला जाणवणार नाही. मोठं नाव झालेल्या माणसाबद्दल घरच्यांचा असा गैरसमज होतो. त्यात तुझा दोष नाही.

टॅमला मी आत्ताच जाऊन सांगितलं, की मी लिहिते आहे आणि काय लिहिते आहे. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिकडेच बघत म्हणाला, "म्हणजे आता तो बाबांवर रागावणार."

"रागवेल."

"बाबांना आता काय लागणार आहे." आणि मग, "माझ्यावर नको मग. झालं." उशी सरकवून मागितली.

मी पाकीट घेऊन स्वतः पोस्टात जाते. चढण आहे, पण पेटीत टाकलं की माघार नको.

नॅन

डनार्न, २० मे १९८४

ॲलिक,

तू परत पोचलास अशी तुझ्या बायकोची तार आली. बरं झालं. विमानात झोप लागली का?

तू इथे दोन दिवस राहिलास आणि मला बोलायचं होतं त्यातलं काही बोलणं झालं नाही. टेबलावर तू लोखंडी दोरांवर पूल कसा तोलतात ते सांगत होतास, मिठाची आणि मिरपुडीची बाटली दोन बाजूंना ठेवून, मध्ये शिवणाचा धागा ताणून. मी ऐकलं. कळलं काही नाही, पण तुला बोलताना बघून बरं वाटत होतं, म्हणून मध्ये तोंड घातलं नाही. तेव्हा राहिलेलं आता लिहिते.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. तुझी तार टॅमला मिळाली. मीच वाचून दाखवली. 'येतोय. ॲलिक.' तो म्हणाला, "एवढंच? नामवंत माणूस आहे, वेळ नसेल." पण तार हातातून सोडीना, मला ती पुन्हा वाचायला लावली, जणू त्यात आणखी काही निघेल. मग त्याने ब्रश मागितला. 'पूल बांधणारा'तली शेवटची अक्षरं राहिली होती. जॉर्जने फलक पलंगाला टेकवून धरला. रोगण लावताना मनगट माझ्या हातावर टेकवलं. पुरं झाल्यावर म्हणाला, "आता येऊन बघू दे, कुठे वाकडं आहे ते."

कुठे वाकडं नव्हतं. तू बघितलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी राखेची बादली बाहेर नेली तेवढ्यात, तो गेला. तू तेव्हा आकाशात कुठेतरी होतास. तुझी चूक नाही. पृथ्वी मोठी आहे. तू आल्यावर मला मिठी न मारता आधी म्हणालास, "उशीर झाला?" मी 'हो' म्हटलं आणि तुझी बॅग घेतली. दुसरं काय म्हणायला हवं होतं ते मला अजून सुचलेलं नाही.

मी या वेळी कबरीवर आले. चर्चच्या दारात पाद्री म्हणाले, "मिसेस लॉरी, बायका घरी..." आणि वुलीने त्यांना म्हटलं, "तिला कोण अडवतंय ते बघायचंय मला, साहेब. मी मागे उभा राहतो." त्यांनी टोपी सारखी केली आणि वाट दिली.

डफसने नंबर पुकारला. "एक नंबर, मिस्टर ॲलिक रॅट्रे." तू पुढे आलास, काळी गोंड्याची दोरी तुझ्या हातात दिली. माझा जॉर्ज पायाशी होता. आठही जणांनी सावकाश सोडत नेली. तू जसा सोडत होतास, इंच इंच, सगळ्यांना तुझ्या हाताच्या चालीनेच सोडावी लागली. पेटी कुठे कलली नाही. डफस मला नंतर म्हणाला, इतकी सरळ गेलेली त्याने पाहिली नाही. मी म्हटलं, त्याचा धंदाच आहे तो.

मग सगळ्यांनी आपापली दोरी आत टाकली, तशी रीत आहे. तू टाकली नाहीस.

आम्ही उभे राहिलो. पाद्रींनी पुस्तक मिटलं. तू दोरी ताणून धरून उभा होतास. डफस जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, सोडा आता."

तू म्हणालास, "टेकला का?"

"टेकला, सर."

"नीट?"

"अगदी नीट, सर."

तरी तुझा हात उघडेना. वुलीने दुसरीकडे तोंड फिरवलं. साइम आपल्या बुटांकडे बघायला लागला. मग मी पुढे आले आणि तुझी बोटं एकेक करून सोडवली, आणि दोरी गेली. तुझी बोटं बाबांसारखी झालीत. तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते.

मला वाटतं टॅमला जे हवं होतं ते झालं. तुला काय हवं होतं ते मला माहीत नाही. तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही, आपल्या घराची ती सवय आहे. पण सवयीने या घराचं काय केलं ते आपण दोघांनी पाहिलंय, आणि मी आता फार दमलेय, ॲलिक. पुढच्या वेळी तेच पुन्हा करायची ताकद माझ्यात नाही.

म्हणून मी परवा डफसकडे गेले आणि माझ्या दोऱ्या सांगून आले. तो म्हणाला, "मिसेस लॉरी, तुम्हाला घाई कसली?" मी म्हटलं, घाई नाही, गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. जॉर्ज माझा मुलगा, एक नंबर रीतीने त्याचाच. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "आई, मी पायाशी उभा राहतो. तिथून मला पेटीवरचं तुझं नाव वाचता येईल." शहाणं पोर आहे, बापावर गेलं.

तेव्हा एक नंबरवर मी तुझं नाव घातलंय. डफसने विचारलं, येतील का ते एवढ्या लांबून? मी म्हटलं, माहीत नाही, विचारते.

तर हे विचारणं. तूच आधी गेलास तर मी काही तिकडे यायची नाही, विमानात माझे पाय सुजतील, तेव्हा तेवढं जप. नाहीतर 'हो' लिही, किंवा 'नाही' लिही. 'नाही' असेल तर मी वाईट वाटून घेईन आणि वुलीला सांगेन. पण जे असेल ते मला वाचता येतंय तोवर लिही. मागून तू कितीही सरळ दोरी सोडलीस तरी ती मला दिसणार नाही.

नॅन